म्हातारपणी हातपाय चालते कसे राहतील?

(वर्धा जिल्ह्यातील एका गावी, सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर केलेले भाषण)



प्रार्थना आटोपली. स्वयंपाकाला अजून थोडा वेळ आहे. तेवढा वेळ मला द्या. पुढे जे आजी-आजोबा बसले आहेत, त्यांच्याशी मला बोलायचे आहे. मागे उभ्या असलेल्या सुनांनी आणि मुलांनीही ऐकावे. कारण यातले अर्धे काम त्यांचे आहे.

मी व्यायामाने उपचार करण्याचे काम करते. माझ्याजवळ गोळी नाही, सुई नाही. गावोगावी मी म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न विचारते, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" मरणाची भीती सहसा कोणी सांगत नाही. "मरण काय, यायचं तेव्हा येईल," असे म्हणतात. मग थोडे थांबतात आणि हळूच सांगतात, "बाजेवर पडून राहायची भीती वाटते. कोणी उचलावं, कोणी धुवावं, असं जिणं नको रे बाप्पा!"

ही भीती खरी आहे. आपल्या पायाने न्हाणीपर्यंत जाता येणे, आपल्या हाताने लुगडे नेसता येणे, नातवाला उचलून घेता येणे, यासारखे सुख म्हातारपणी दुसरे नाही. ते टिकवता येते. कसे, ते सांगते.

समजा, एक आजी आहे. वय ७२. जन्मभर वावरात राबली. निंदण केले, कापूस वेचला, डोक्यावर पाणी वाहिले. आता तिचे गुडघे दुखू लागले. घरचे म्हणाले, "माय, पुष्कळ केलंस. आता बस." मुलगा चांगला, सून चांगली. दोघांनी प्रेमानेच सांगितले. आजी बसली. आधी वावरात जाणे बंद झाले. मग देवळात जाणे बंद झाले. मग चहा बाजेवर, जेवण बाजेवर. आंघोळीपुरते काय ते उठायचे. सहा महिन्यांत मांड्या बारीक झाल्या. उठताना तोल जाऊ लागला. एके दिवशी न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. आजी बाजेवर पडली ती पडलीच.

लोक म्हणाले, "वय झालं होतं." पण हिशोब नीट करा. वयाने किती घेतले आणि बसण्याने किती घेतले?

बैल चार महिने दावणीला बांधून ठेवा. चारापाणी भरपूर द्या. पाचव्या महिन्यात त्याला वखराला जुंपा. तो ओढील का? दोन तासांत मान टाकील. बैल म्हातारा झाला नाही. तो बसून राहिला. आपल्या अंगातले स्नायू, म्हणजे हाडांवरचे मांस, तसेच आहे. त्याला काम दिले की ते टिकते. काम काढून घेतले की अंग म्हणते, "याची गरज दिसत नाही," आणि ते मांस कमी करते.

हे नुसते बोलणे नाही. अमेरिकेत २००७ साली याची परीक्षा प्रसिद्ध झाली. साठी-सत्तरीची धडधाकट माणसे घेतली. त्यांना १० दिवस नुसते गादीवर झोपवून ठेवले. खायला प्यायला वेळेवर. दहाव्या दिवशी मोजले, तर पायांचे मांस सुमारे एक किलो कमी झाले होते. फक्त १० दिवसांत! आपल्याकडे ताप आला तरी म्हातारा माणूस पंधरा-पंधरा दिवस बाजेवर असतो. मग ताप उतरतो, आणि घरचे म्हणतात, "तापानं पायातली शक्ती गेली." काही तापाने गेली, पण पुष्कळशी बाजेने गेली.

आता दुसरी बाजू ऐका. ती जास्त महत्त्वाची आहे. गेलेली ताकद परत येते का?

येते. अमेरिकेतच बोस्टन नावाच्या शहरात १९९० साली डॉक्टरांनी वृद्धाश्रमातली १० माणसे निवडली. वय नव्वदीच्या घरात. एक जण तर ९६ वर्षांचा. अंगाने सगळे अशक्त. पुष्कळांना काठी किंवा आधार लागे. त्यांना आठवड्यातून तीन दिवस, पायाने वजन उचलायचा व्यायाम दिला. आठ आठवडे. शेवटी पायांची ताकद मोजली, तर ती सरासरीने दुपटीहून जास्त झाली होती. काहींनी काठी टाकली. नव्वदाव्या वर्षी, बरे का! तेव्हा पासष्टीच्या आणि सत्तरीच्या माणसाने "आता माझं काय होणार" असे म्हणू नये.

अमेरिका लांब राहिली. आपल्या वर्धा जिल्ह्याकडेच पाहा ना. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले. त्याच सेगावाचे नाव पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. ते आले तेव्हा त्यांचे वय ६६ होते. आश्रमात कितीही काम असो, सकाळ-संध्याकाळचे फिरणे त्यांनी सोडले नाही. पुढे १९४७ साली नोआखालीत ते गावोगाव पायी हिंडले. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते, आणि पुष्कळदा अनवाणी चालत.

विनोबांचे घ्या. १९५१ साली ते आपल्या पवनारहून पायी निघाले. तेव्हा वय ५५. अंगाने किडकिडीत. पोटाचा जुना आजार. पण रोज पहाटे उठून पुढच्या गावाला चालू लागत. भूदान मागत मागत देशभर हिंडले. १९६४ साली पवनारला परत आले तेव्हा वय ६८ होते. तेरा वर्षे चालणे! आपल्याला तेरा वर्षे चालायचे नाही. आपल्याला मारुतीच्या देवळापर्यंत चालायचे आहे.

आणि हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे. त्यांना पाठीच्या कण्याचे मोठे दुखणे होते. बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. तरी १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मुले सायकलवर, आणि बाबा गाडीत आडवे पडून. ही मोठी माणसे होती, हे मला कबूल आहे. पण त्यांची हाडे आणि स्नायू आपल्यासारखेच होते. दुखणे असले तरी जेवढे अंग हलते तेवढे हलवायचे, ही त्यांची रीत आपल्याला घेता येईल.

इथे कोणी तरी मनात म्हणत असेल, "बाई, तुम्ही शहरातल्या लोकांना सांगा. आम्ही जन्मभर वावरात राबलो. तोच आमचा व्यायाम."

प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे थांबून उत्तर देते. शेतातले काम हा व्यायाम आहेच. त्याने छाती चांगली राहते, दम टिकतो. पण काम आणि व्यायाम यांत एक फरक आहे. कापूस वेचणाऱ्या बाईचे पाहा. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, हात पुढे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. पाठ वाकवणारे स्नायू आखडतात, सरळ करणारे ढिले पडतात. खांदा कानाच्या वर किती वेळा जातो? जवळजवळ नाहीच. एका पायावर तोल सांभाळायची वेळ किती वेळा येते? क्वचित. म्हणजे अंगाच्या एका भागाला काम फार आणि दुसऱ्याला मुळीच नाही. कामाला पिकाची गरज कळते, अंगाची गरज कळत नाही. व्यायाम अंगाची गरज पाहून करायचा असतो.

आणि दुसरे असे, की शेतातले काम एक दिवस थांबते. वेचणी संपली, मुलांनी शेती हातात घेतली, की जन्मभर राबलेला माणूस एकदम बाजेवर येतो. त्याला व्यायामाची सवय नसते. "वावर सुटलं, आता हलायचं कशाला?" असे त्याला वाटते. म्हणून राबणाऱ्या माणसालाच हे जास्त सांगावे लागते.

तर हा अंगाची गरज पाहून व्यायाम शिकवण्याचा जो उपचार, त्याला फिजिओथेरपी म्हणतात. पुस्तकात भौतिकोपचार असे नाव सापडेल. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. कोणता सांधा आखडला, कोणता स्नायू ढिला पडला, तोल कुठे जातो, हे तपासायचे आणि तेवढ्याला नेमका व्यायाम द्यायचा.

या विद्येची सुरुवात गमतीची आहे. १८९४ साली इंग्लंडात चार परिचारिकांनी अंग चोळण्याचे काम नीट शिकवावे म्हणून एक संस्था काढली. म्हणजे सुरुवात चोळण्यापासून झाली. पुढे पहिल्या महायुद्धात हातपाय जायबंदी झालेले हजारो शिपाई आले. नुसत्या चोळण्याने ते उभे राहीनात. त्यांना हळूहळू व्यायाम द्यावा लागला. आपल्या देशात १९५० नंतरच्या वर्षांत मुंबईला पोलिओची साथ आली. लहान मुलांचे पाय लुळे पडले. त्या मुलांसाठी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हे काम आणि त्याचे शिक्षण सुरू झाले. आता पोलिओ आपल्या देशातून गेला. विद्या मात्र राहिली, आणि तिचा सर्वांत मोठा उपयोग म्हाताऱ्या माणसांना होतो आहे.

चोळण्यावरून आठवले. आपल्याकडे गुडघा दुखला की तेल चोळतात. चोळा. त्याने बरे वाटते, अंग सैल होते. पण तेलाने मांडीला ताकद येत नाही. तसेच शेकाचे. दवाखान्यात मशीनचा शेक मिळतो. मशीनवर दिवे लुकलुकतात, म्हणून लोकांना वाटते की हाच खरा उपचार. "दहा दिवस शेक घेतला, फरक नाही पडला," असे सांगतात. व्यायाम शिकवला होता का, असे विचारले तर म्हणतात, "हो, कागद दिला होता." तो कागद घरी तुळईत खोचलेला असतो! मला विचाराल तर शेक म्हणजे नांगरणीआधीचा शिडकावा. जमीन मऊ होते. पण नांगर धरायलाच हवा.

आता गुडघ्याचे सांगते. इथे बसलेल्या निम्म्या माणसांचा हात आत्ता गुडघ्यावर आहे.

गुडघ्यात दोन हाडे एकमेकांवर येतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट थर असतो. वय वाढले, वजन वाढले, जुना मार असला, की तो थर झिजतो. झिजलेला थर व्यायामाने परत येत नाही. हे मी स्पष्ट सांगते. मग व्यायामाने होते काय? मांडव कशाने उभा राहतो? खांबांनी, आणि चारी बाजूंनी ओढून बांधलेल्या दोरांनी. दोर ढिले झाले की वाऱ्याने खांब डुलतो. गुडघ्याचे दोर म्हणजे मांडीचे स्नायू. ते घट्ट असले की गुडघा डुलत नाही. दुखणे कमी होते आणि चालणे वाढते. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलो, तर दोर आणखी ढिले होतात. गुडघा आणखी दुखतो. मग आणखी बसतो. असा हा फेरा आहे.

तो फेरा मोडायला खर्च नाही. एक भक्कम खुर्ची लागते. प्लॅस्टिकची डुगडुगणारी नको. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत.

पहिला व्यायाम उठबशीचा. पण शाळेत कान धरून काढतो तशा उठाबशा नव्हे. खुर्चीच्या काठाशी या. पाय थोडे मागे घ्या. पुढे वाका, नाक पायाच्या अंगठ्यांवर आले पाहिजे. आता उठा. सरळ उभे राहा. मग हळूहळू बसा. धपकन बसू नका. बसताना मनात तीन मोजा. ज्याला हात टेकल्याशिवाय जमत नाही त्याने टेकावेत, काही बिघडत नाही. पहिल्या दिवशी पाच वेळा. आठ दिवसांनी आठ वेळा. मग दहा. एवढा एकच व्यायाम लक्षात राहिला तरी माझे आजचे येणे फुकट गेले नाही, असे मी समजेन. कारण बाजेवरून उठणे, संडासातून उठणे, एस. टी.च्या बाकावरून उठणे, सगळे यातच आहे.

यातच तुमची परीक्षाही आहे. हात छातीशी बांधा. खुर्चीवरून पाच वेळा उठा आणि बसा. नातवाला घड्याळ पाहू द्या. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजा. घाबरू नका. महिनाभर व्यायाम करा आणि पुन्हा मोजा.

दुसरा व्यायाम बसल्या बसल्या. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ ताठ करा. मांडी घट्ट करा. पाच मोजा. खाली ठेवा. मग दुसरा पाय. प्रत्येक पायाने दहा वेळा. सोपे वाटू लागले की कापडी पिशवीत अर्धा किलो तूर भरा आणि घोट्याला बांधा. तूर संपली तर वाळू चालते.

तिसरा टाचांचा. खिडकीचा गज किंवा ओसरीचा खांब धरून उभे राहा. टाचा उचला, चवड्यांवर या, हळू खाली या. दहा वेळा.

चौथा तोलाचा, आणि याला सर्वांत जास्त जपायचे. खांब धरा. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून एका रेषेत उभे राहा, जसे आपण बांधावरून चालतो. दहा मोजा. पाय बदला. सवय झाली की खांबावर फक्त बोट ठेवा. हा व्यायाम एकट्याने, अंधारात, रिकाम्या घरात करू नका. कोणी तरी जवळ हवे.

खांदा आखडला असेल, वेणी घालता येत नसेल, सदऱ्याच्या बाहीत हात जात नसेल, तर भिंतीजवळ उभे राहा. बोटांनी भिंत चढा, मुंगी चढते तशी. जिथपर्यंत हात गेला तिथे खडूने रेघ मारा. उद्या त्या रेघेच्या वर जायचे. मधुमेह असलेल्या माणसाचा खांदा जास्त आखडतो, त्याने हे सोडू नये.

आणि चालणे तर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की म्हाताऱ्या माणसानेही आठवड्यात निदान १५० मिनिटे थोडा दम लागेल असे चालावे किंवा तसे काम करावे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. तो एकदम झाला पाहिजे असेही नाही. सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा. दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम, आणि तीन दिवस तोलाचा. ज्याला एवढे जमत नाही त्याने जेवढे जमते तेवढे करावे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढा दम ठीक. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. चैत्र-वैशाखात सूर्य उगवायच्या आत फिरून या.

दुखले तर काय करायचे? थोडे दुखणारच. बऱ्याच दिवसांनी वखर चालवला की अंग दुखते, तसेच. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे उतरले तर चांगले. वाढले किंवा गुडघा सुजला तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. पण छातीत दुखले, चक्कर आली, दम कोंडला, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, तरीही तसेच. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा रक्तदाब फार वाढलेला असतो, त्यांनी डॉक्टरला विचारूनच सुरुवात करावी.

आता काठीचे. काठी घ्यायला लाज वाटते, मी पाहते. पण पडायला लाज वाटत नाही का? गांधीजींच्या हातातही काठी होतीच की! फक्त काठी धरायची रीत चुकते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात? सगळे म्हणतात, उजव्या. नाही! डाव्या हातात. चालताना उजवा पाय पुढे येतो तेव्हा डावा हात पुढे येतो. काठी डाव्या हातात असली की ती दुखऱ्या पायाबरोबरच जमिनीवर टेकते. मग अंगाचा भार एका गुडघ्यावर न पडता दोघांत वाटला जातो, जसा जुवाचा भार दोन बैलांत. काठीची उंची अशी, की सरळ उभे राहून हात खाली सोडला तर तिची मूठ मनगटाशी यावी. खाली रबराची टोपी बसवा.

मागे उभ्या असलेल्यांना आता सांगते. म्हातारी माणसे बहुधा घरातच पडतात. रात्री लघवीला उठतात तेव्हा पडतात. वाटेत शेळीची दोरी, नातवाचा चेंडू, फाटकी सतरंजी नको. न्हाणीत शेवाळ नको. भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकून घ्या, धरायला. रात्री एक लहान दिवा जळत ठेवा. बाज फार ठेंगणी असेल तर खुरांखाली भक्कम ठोकळे द्या. गुडघे दुखणाऱ्याला उकिडवे बसवू नका. संडासात बसायची खुर्ची मिळते, सुतारही करून देतो. आणि डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्या. दिसत नाही म्हणून पडलेल्याला मी कोणता व्यायाम शिकवू?

ताटाकडेही पाहा. म्हाताऱ्या माणसाला नुसती पातळ पेज आणि चहा-टोस्ट देतात. त्याने मांस भरून येत नाही. वरण, दूध, ताक, चण्याचा झुणका, चालत असेल तर अंडे द्या.

आणि "माय, बस" हे बोलणे सोडा. प्रेम दाखवायचे तर म्हणा, "माय, चल, देवळापर्यंत जाऊन येऊ." तिच्या हातातले सगळे काम काढून घेऊ नका. शेंगा सोलू द्या, अंगण झाडू द्या, नातवाला शाळेत सोडू द्या. काम हळू होईल. होऊ द्या.

एवढे करूनही कधी दुखणे येतेच. खुब्याचे हाड मोडले तर "आता या वयात कशाला" म्हणून बाजेवर ठेवू नका. आज शस्त्रक्रिया होते, आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून माणसाला उभे करतात. घरच्यांना ते निर्दयपणाचे वाटते. पण पडून राहिले तर फुप्फुसात कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्त गोठते. उभे करणे हीच दया आहे. लकव्याचेही तसेच. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर त्याच घटकेला रुग्णालयात न्या. आणि डॉक्टरने सांगितले की लगेच हातपाय हलवायचा व्यायाम सुरू करा. पहिले तीन-चार महिने फार मोलाचे असतात. त्या दिवसांत मेंदू पुन्हा शिकतो. नंतरही फायदा होतो, पण सावकाश.

जायचे कुठे? सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. १९४५ साली डॉ. सुशीला नायर यांनी बायका आणि मुलांसाठी ते सुरू केले. १९६९ साली तिथे खेड्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय झाले. सावंगी (मेघे) येथे मोठे रुग्णालय आहे, आणि फिजिओथेरपी शिकवणारे महाविद्यालयही आहे. दोन्हीकडे हा उपचार मिळतो. सरकारनेही २०१०-११ साली वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांवर उपचार आणि व्यायाम यांची सोय करायची ठरली आहे. तुमच्या उपकेंद्रात किंवा आशाताईंना विचारा, त्या वाट सांगतील. जाताना दोन गोष्टी करा. घरचे एक माणूस बरोबर न्या, म्हणजे व्यायाम दोघांच्या लक्षात राहील. आणि तिथल्या ताईंनी किंवा दादांनी व्यायाम सांगितला की तो त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते. कागद दिला तर तिथेच वाचून पाहा, आणि कळले नाही ते तिथेच विचारा.

रोज मोटारीचे भाडे खर्चून तालुक्याला जायची गरज नाही. एकदा शिकून यायचे, महिन्या-दोन महिन्यांनी दाखवून यायचे, आणि बाकीचे दिवस इथेच करायचे. एकट्याने केले की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. प्रार्थनेला तुम्ही रोज जमताच. प्रार्थना झाल्यावर दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून करा. कोण आले नाही हेही कळेल, आणि त्याची चौकशी करायला दोघे जण चालत जातील. तोही व्यायामच झाला!

पोरांनो, शाळेतल्या त्या चार लाकडी खुर्च्या इकडे आणा. भिंतीला टेकवून ठेवा. घड्याळ कोणाजवळ आहे? तू मोज, बाळ. आजी, चपला काढा. तुम्ही पहिल्या. नाक अंगठ्यांवर आणा... हं, उठा. एक.